उंदीर कुठे गेले?

पहिल्या असाइनमेंटचे कागद परत हातात आले तेव्हा त्यावर मार्क नव्हते. आठशे शब्दांच्या लेखावर पेन्सिलीने नुसते गोल काढले होते. मोजले, तेवीस भरले. आधी वाटलं शुद्धलेखनाच्या चुका असतील. नीट पाहिलं तर प्रत्येक गोल एकेका क्रियापदाभोवती होता. ‘रोखते’, ‘कारणीभूत ठरते’, ‘बरे होते’, ‘सिद्ध झाले आहे’. आणि खाली बारीक अक्षरात एकच ओळ: पेपरमध्ये असं म्हटलंय?

म्हटलं नव्हतं. पेपर, म्हणजे मूळ शोधनिबंध, आतड्यातल्या जीवाणूंवरचा, माझ्याच विषयातला. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून मी तीन वर्षं लॅबमध्ये काढली होती, तेव्हा पेपर वाचता आला नाही अशी सबब नव्हती. त्यात ‘संबंध दिसला’, ‘असू शकतो’, ‘असं सूचित होतं’ असं सगळं जपून लिहिलेलं होतं. मला ते मिळमिळीत वाटलं, म्हणून मी त्यात जरा जीव ओतला. विज्ञानलेखन म्हणजे कोरड्या मजकुरात जीव ओतणं, अशीच माझी समजूत होती. विज्ञानलेखन आणि संशोधन-संवादाच्या या पदव्युत्तर कोर्सला मी आले होते तीही त्याच समजुतीवर.

मराठीत ही भानगड आणखी अवघड होते, कारण क्रियापद येतं वाक्याच्या शेवटी. दावा किती पक्का आहे हे वाचकाला कळतं शेवटच्या दोन-तीन शब्दांत, ‘असण्याची शक्यता आहे’, ‘असल्याचे आढळले’ वगैरे. आणि जागा कमी पडली की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. मी स्वतःच माझ्या लेखावर ती तेवीस ठिकाणी चालवली होती.

प्रवेशाची गोष्ट थोडक्यात सांगते. अर्जासोबत लेखनाचा नमुना मागितला होता, ‘का यायचंय’ यावर एक पानभर निबंध, आणि मग मुलाखत. नमुना म्हणून मी प्रबंधाचा सारांश पाठवला होता, जो आज वाचवत नाही. मुलाखतीत विचारलं, लॅबमध्ये काय करता? मी बायोफिल्मची व्याख्या म्हणायला सुरुवात केली. समोरच्या बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, “समजावून सांगू नका. आम्हाला पुढचा प्रश्न पडेल असं सांगा.” मी गप्प. मग सुचलं ते बोलले: सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला जो बुळबुळीत थर लागतो, तो म्हणजे जीवाणूंनी स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडून उभी केलेली वस्ती. तसलीच वस्ती रुग्णाच्या मूत्रमार्गात घातलेल्या नळीवर होते, आणि तिथे औषध दिलं तरी आतले जीवाणू सहजी मरत नाहीत. “का मरत नाहीत?” दुसरे सर म्हणाले. त्या प्रश्नावर मला प्रवेश मिळाला असं मी मानते.

पुढे त्याच बाई आमच्या संपादनाच्या बाई झाल्या. पेन्सिलवाल्या त्याच.

वर्गात आम्ही चौदा जण होतो आणि सरळ दोन जाती पडत. एक, ज्यांना विज्ञान येतं पण वाक्य लिहायची धास्ती आहे. दुसरी, वृत्तपत्रातून आलेली मंडळी, ज्यांची वाक्यं सफाईदार पण आलेख दिसला की पान उलटणारी. सुरुवातीला दोघेही एकमेकांना जरा कमी लेखत. आकडेवारीचा तास सुरू झाल्यावर मात्र सगळे एका पातळीवर आले. मी धरून. लॅबमध्ये पी-व्हॅल्यू रोज काढत होते, पण ती नेमकं काय सांगते हे वर्गात उभं राहून सांगायला लावलं तेव्हा चुकलेच. ‘निष्कर्ष खरा असण्याची शक्यता ९५ टक्के’ असं म्हणाले. तसं नसतं ते. खरा परिणाम काहीच नाही असं धरलं, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते.

त्या तासांतली दोन उदाहरणं डोक्यातून जात नाहीत. पहिलं १९९५ सालचं. ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने ऑक्टोबरात इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ हे खरंच होतं. आधीच्या पिढीच्या गोळ्यांनी सात हजार बायकांमागे एकीला गुठळी होत असे, तिथे दोघींना. पण बातमीत फक्त ‘दुप्पट’ गेलं. घाबरून कित्येकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गंमत म्हणावी की काय, गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांमुळे होणाऱ्या धोक्यापेक्षा जास्त असतो. आम्हाला सांगितलं: हीच बातमी आत्ता लिहा, मथळ्यासकट, दहा मिनिटं. चौदापैकी नऊ जणांच्या मथळ्यात ‘दुप्पट’ होतं. हे उदाहरण नुकतंच ऐकून.

दुसरं चॉकलेटचं. जॉन बोहॅनन या विज्ञान-पत्रकाराने २०१५ मध्ये ठरवून एक तकलादू प्रयोग केला. माणसं पंधरा, मोजमापं अठरा. वजन, कोलेस्टेरॉल, झोप, असं बरंच काही. त्यातलं एखादं तरी जुळणारच. हिशोब सोपा आहे: प्रत्येक मोजमापाला योगायोगाची नेहमीची पाच टक्के मुभा धरली आणि मोजमापं एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर अठरातलं किमान एक निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे ६० टक्के. वजनाचं निघालं. पेपर छापून आला, प्रसिद्धिपत्रक गेलं, आणि चॉकलेटने वजन लवकर उतरतं ही बातमी देशोदेशी फिरली. मग त्यानेच सगळं उघड केलं. किती जणांनी सहभाग घेतला होता, हा साधा प्रश्न बातमी छापणाऱ्यांनी विचारला नव्हता. तेव्हापासून मी पेपर उघडला की आधी पद्धतीचा भाग वाचते, मग आकृत्या, मग मर्यादा आणि पैसा कोणाचा ते. सारांश सगळ्यात शेवटी.

‘लक्षणीय’ या शब्दाचंही तेव्हाच कळलं. वाचक त्याचा अर्थ ‘बराच मोठा’ असा घेतो. संख्याशास्त्रात फरक केसाएवढा असला तरी तो ‘लक्षणीय’ ठरू शकतो. मी तो शब्द लिहिणं सोडलं. ‘फरक योगायोगाचा नसावा, पण छोटा आहे’ असं लिहिते. शब्द वाढतात, वाढू देत.

मुलाखतीचा विषय मला सोपा जाईल असं वाटलं होतं, शास्त्रज्ञांमध्येच वावरलेली ना मी. पहिलं रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचं होतं. घरी ऐकून उतरवायला बसले तर त्यात माझेच आवाज: “हो हो”, “बरोबर”, “म्हणजे ते क्वोरम सेन्सिंग ना”. समोरचे प्राध्यापक एकही वाक्य पुरं बोलले नव्हते. कसे बोलतील? मला सगळं कळतंय असं मी दर अर्ध्या मिनिटाला सांगत होते. वापरता येईल असं त्यात एकही वाक्य नव्हतं. पुन्हा वेळ मागावी लागली, आणि ती मागताना कान लाल झाले.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा बाईंनी दिलेला एक प्रश्न वहीत वर लिहून नेला होता: तुमचं म्हणणं चुकीचं ठरायचं असेल तर काय दिसावं लागेल? विचारला आणि थांबले. शांततेत थांबणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे. ओठ चावून बसायचं. प्राध्यापक खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “दुसऱ्या लॅबला हे दिसलं नाही तर. आणि खरं सांगू का, एका लॅबला दिसलेलं नाहीये.” लेख तिथून सुरू झाला.

फॅक्ट-चेकचा भाग कंटाळवाणा, आणि मला वाटतं सगळ्यात मोलाचा. लेखाची प्रत छापून घ्यायची आणि प्रत्येक शब्दावर खूण करत जायचं. नाव, आकडा, वर्ष यांवर तर करायचीच, पण ‘पहिल्यांदाच’, ‘सर्व’, ‘एकमेव’, ‘नेहमी’ यांवरही. प्रत्येक खुणेसमोर समासात आधार: पेपरचं पान, रेकॉर्डिंगची वेळ. ज्याला आधार नाही तो शब्द जातो. माझ्या एका लेखातून ‘पहिल्यांदाच’ चार वेळा गेलं.

ऑडिओचा एक विषय होता. आवाजाचं माझं जमलं नाही, पास झाले.

इतिहास आणि सिद्धांताचे तास मी बऱ्यापैकी झोपेत काढले. लोकांना माहिती कमी आहे म्हणून त्यांचा विज्ञानावर विश्वास नाही, माहिती ओतली की विश्वास येईल, या कल्पनेवर टीका कशी होत गेली हे तिथे शिकवत. १९८५ चा रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या विज्ञानसंस्थेचा अहवाल, मग २००० मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा, ज्यात ‘सांगण्या’ऐवजी ‘संवादा’वर भर आला. पटत होतं, पण कोरडं वाटत होतं. झोप उडाली ती इटलीतल्या लाक्विलाने. २००९ च्या सुरुवातीला तिथे महिनोन् महिने छोटे भूकंप चालू होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. त्या सुमारास एका सरकारी अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितलं की छोट्या धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडतेय, म्हणजे चांगलंच आहे. शास्त्रीयदृष्ट्या ते चूक होतं. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून जास्त माणसं गेली. एरवी धक्के बसले की रात्री घराबाहेर थांबणारी काही कुटुंबं त्या रात्री आतच झोपली होती, असं नातेवाइकांचं म्हणणं. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञांना आणि त्या अधिकाऱ्याला सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली पण राहिली. भूकंपाचं भाकीत न केल्याबद्दलचा हा खटला, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. वर्गात आम्ही दोन तास भांडलो. माझं मत आजही असं की तज्ज्ञांचं विज्ञान ठीक होतं. पण बैठकीतून उठल्यावर बाहेर कोण बोलणार आणि काय बोलणार, हे कोणाचंच काम नव्हतं. आणि ते कोणाचंच काम नसणं भोवलं.

दुसऱ्या सत्रात इंटर्नशिप. मला एका संशोधन संस्थेच्या जनसंपर्क विभागात जागा मिळाली. इथे या शिक्षणातली खरी फट दिसते. पत्रकार असाल तर लेख छापायच्या आधी शास्त्रज्ञाला दाखवत नाही. फार तर त्याची विधानं आणि आकडे तपासून घेता. संस्थेत असाल तर शास्त्रज्ञाने होकार दिल्याशिवाय ओळही बाहेर जात नाही. एकाच पदवीत दोन्ही शिकवतात आणि दोन्हीकडे ‘विज्ञानलेखन’ असंच म्हणतात. त्यात एम्बार्गोची घाई. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाचे पेपर बुधवारी लंडनच्या वेळेने दुपारी चारला खुले होतात, त्याआधी बातमी द्यायची नाही, म्हणजे चारच्या आत प्रसिद्धिपत्रक, चित्र, कॅप्शन सगळं तयार पाहिजे.

माझं तिसरं प्रसिद्धिपत्रक स्नायूंच्या एका आनुवंशिक आजारावरच्या प्रयोगाचं होतं. एका संयुगाने उंदरांच्या स्नायूंची ताकद टिकून राहिली होती. चांगलं काम होतं. मी मथळ्यात ‘उंदरांमध्ये’ लिहिलं. विभागप्रमुख म्हणाले, “मथळ्यात उंदीर आले की कोणी उघडत नाही. खाली घ्या.” मी पहिल्या परिच्छेदात घेतले. ते तिथूनही हलले. शेवटी चौथ्या परिच्छेदात, प्रयोगाच्या तपशिलात बसले. क्रियापदही बदललं: ‘टिकल्याचे दिसले’चं ‘टिकते’ झालं. शास्त्रज्ञांकडे ड्राफ्ट गेला, सहा मिनिटांत उत्तर आलं, “छान झालंय.” माझंही नाव खाली होतं, संपर्कासाठी.

दोन दिवसांनी सकाळी फोन वाजला. एक गृहस्थ. बातमी वाचली म्हणाले, मुलगा नऊ वर्षांचा आहे, औषध कुठे मिळेल, आधी रिपोर्ट पाठवू का. आवाजात घाई नव्हती, कागद-पेन घेऊन बसलेला माणूस होता तो. मी सांगितलं, हा प्रयोग उंदरांवर झालाय, माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील, येईलच असंही नाही. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, “पण तसं कुठे लिहिलेलं नाहीये.”

“चौथ्या परिच्छेदात आहे,” मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. ते खरं होतं, तरीही. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि ठेवला.

कहर म्हणजे, याच विषयावर पहिल्या सत्रात मी प्रेझेंटेशन दिलं होतं आणि त्याला वर्गातले सर्वांत जास्त मार्क मिळाले होते. २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास: ब्रिटनमधल्या वीस विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं, मूळ पेपर आणि बातम्या शेजारी ठेवून तपासलेली. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या ३६ टक्के पत्रकांत माणसांबद्दलचे निष्कर्ष वाढवून सांगितलेले. जिथे पत्रकात अशी वाढ होती तिथे ८६ टक्के बातम्यांत ती उतरली. जिथे नव्हती तिथे फक्त १० टक्के. आणि वाढवून सांगितल्याने बातमी जास्त ठिकाणी लागते याचा फारसा पुरावा मिळाला नव्हता. हा शेवटचा मुद्दा मी स्लाइडवर ठळक केला होता. विभागप्रमुखांसमोर तो आठवला नाही. आठवला असावा, पण इंटर्न होते. २०१९ मध्ये जेम्स हेदर्स या शास्त्रज्ञाने ट्विटरवर एक खातं काढलं, तिथे असल्या बातम्या पुन्हा टाकून वर दोनच इंग्रजी शब्द लिहायचे: ‘IN MICE’, म्हणजे ‘उंदरांमध्ये’. वर्गात आम्ही ते दाखवून खूप हसलो होतो.

अंतिम प्रकल्पाचा ठरलेला विषय मी बदलला आणि त्याच प्रयोगाच्या लॅबमध्ये जायची परवानगी काढली. सहा आठवडे जात होते. ताकद मोजतात कशी ते तिथे पाहिलं. उंदराला एका बारीक जाळीवर पुढचे पाय ठेवू देतात, तो ती घट्ट धरतो. मग शेपटीला धरून त्याला सावकाश मागे ओढायचं. जाळीला जोडलेल्या यंत्रावर आकडा चढत जातो आणि पाय सुटले की थांबतो. तोच आकडा. एकेका उंदराचं हे अनेकदा करायचं, आणि करणाऱ्याला त्याला औषध मिळालंय की नाही ते माहीत असता कामा नये. ते काम करणारी पीएचडीची मुलगी म्हणाली, तिलाही तेच वाटतं: हा धरून ठेवेल, अजून थोडा धरेल. म्हणूनच आंधळं राहावं लागतं.

लेख साडेचार हजार शब्दांचा झाला. पहिल्या वाक्यात उंदीर आहे, जाळी धरून. बाईंकडून परत आला तेव्हा दोन गोल होते. एक बरोबर होता, दुसऱ्यावर मी वाद घातला आणि हरले.

लोक विचारतात, हा कोर्स करावा का. लिहायला शिकायचं म्हणून करू नका, ते रोज लिहून आणि चांगल्या संपादकाच्या हाताखाली येतं. पुढे मिळणारं कामही बरंचसं अंगमेहनतीचं असतं: आकृतीची परवानगी मागणं, अहवालाची मुद्रितं तपासणं, ‘पीएनएएस’सारख्या नियतकालिकासाठी संशोधनाचं महत्त्व १२० शब्दांत बसवणं. पण चौदा जणांसमोर आपलं वाक्य उचलून धरलं जातं आणि कोणीतरी विचारतं ‘हे कशावरून?’, ते एकट्याने बसून मिळत नाही. मला तरी मिळालं नसतं.

आता मी दुसऱ्या एका संस्थेत आहे. गेल्या महिन्यात पुन्हा एक प्राण्यांवरचा प्रयोग आला. मथळ्यात उंदीर ठेवले. शास्त्रज्ञांनी काढायला सांगितले, मी नाही म्हणाले, मेलवर मेल झाले, त्यांनी वरिष्ठांना सीसीत घेतलं. शेवटी उंदीर राहिले. पाच ठिकाणी बातमी लागली. चार मथळ्यांत उंदीर आहेत, पाचव्याने काढलेच.

अजून फोन आलेला नाही.